नाण्यातील खोट : टांकसाळीतली की बाजारातली?

गेल्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर आमच्या पेढीवर एक तरुण जॉबर आला. यंत्रमागावर काम करणारा, हात तेलाने काळे, पण हिशेबाला चोख. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातले पाच रुपयांचे पिवळे नाणे आमच्यासमोर गादीवर ठेवले. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह होते. दुसऱ्या बाजूला, जिथे पाचाचा आकडा असायला हवा तिथेही सिंहच होते, पण आरशात दिसावेत तसे उलटे आणि आत खोल गेलेले. हे नाणे त्याने साडेसहा हजारांना घेतले होते. त्यातले चार हजार उसने होते आणि घरात बहिणीचे लग्न ठरलेले. आता त्याला नऊ हजार देणारे गिऱ्हाईक मिळाले होते. ते गिऱ्हाईक आमच्या ओळखीचे म्हणून त्याला आमची साक्ष हवी होती. “चाचा, तुम्ही फक्त एवढंच सांगा की माल अस्सल आहे,” असे तो म्हणाला.

त्या नाण्याचे काय झाले ते पुढे येईलच. पण त्यानंतर आमच्याकडे अशी विचारणा करणारे आणखी तिघे-चौघे आले. त्यांत एक जरीवाला, एक बेकरीवाला आणि एक किराणा दुकानदार होता. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफिती पाहून गल्ल्यातली चिल्लर उलटीपालटी करण्याची टूमच निघाली आहे. सबब या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

आम्ही कापडाचे व्यापारी, सराफ नव्हे. तरी कापडातला माणूस हा प्रश्न लवकर समजू शकतो. थान उलगडले आणि त्यात भोक दिसले की व्यापारी पहिला प्रश्न हाच विचारतो की हे भोक मागावरचे की नंतरचे? मागावर ताण्याचा धागा तुटला असेल तर शेजारचे धागे त्या रिकाम्या जागेच्या बाजूने सरकलेले असतात, वीण स्वतःला सावरून घेते. नंतर खिळ्याने फाटले किंवा उंदराने कुरतडले तर धाग्यांची टोके तुटकी, मोकळी दिसतात आणि बाकीची वीण जशीच्या तशी असते. आमच्या बाजारातले जुने रफूगार बोट फिरवूनच हे सांगत. मागावरच्या खोटीला मागाच्या कामाची साक्ष असते, नंतरच्या खोटीला ती नसते. नाण्याचेही अगदी असेच आहे. आम्ही त्या रात्री ते पाच रुपये ज्या भिंगाखाली पाहिले ते कापडाचे धागे मोजण्याचे पिक ग्लासच होते.

म्हणून आधी नाणे कसे तयार होते ते पाहू. धातूचा लांब पत्रा यंत्राखाली जातो आणि त्यातून एका वेळी अनेक गोल चकत्या कापल्या जातात. शिंपी कापडातून कळ्या कापतो तसेच हे काम. या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन स्वच्छ करतात. मग दुसऱ्या यंत्रात फिरवून त्यांचा काठ दाबून किंचित वर उचलतात. अजून चकती कोरीच असते. त्यानंतर ती छापखान्यात येते. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडे असते. या कड्याला कॉलर म्हणतात. ठसे एकमेकांवर आदळतात, धातू क्षणभर पाण्यासारखा वाहून ठशाच्या खोलगट भागात शिरतो आणि कॉलरमुळे बाहेर पसरू शकत नाही. काठावरचे दातेही तेव्हाच उमटतात. दोन्ही बाजू आणि काठ हे सर्व एकाच ठोक्यात होते, ही गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी. पुढची सारी पारख हिच्यावरच उभी आहे.

आपल्या देशात हे काम मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत होते. मुंबईची टांकसाळ १८२९ सालची, तर नोएडाची १९८८ सालची. २००६ पासून चारही टांकसाळी एका सरकारी महामंडळाखाली आहेत. कोट्यवधी नाणी पाडताना एखाद्या वेळी पत्रा अडकतो, चकती तिरपी बसते, ठशाला तडा जातो. तयार नाणी तपासून सदोष माल बाजूला काढला जातो, तरी त्यातले एखादे नजरेतून सुटते. असे सुटलेले नाणे हेच संग्राहकाच्या दृष्टीने खरे ‘एरर’. बाहेर आल्यावर त्याला हातोडी लागली, तेजाब लागले, रेल्वे रुळावर ते चपटे झाले, तर ते केवळ खराब झालेले नाणे आणि त्याला कोणी दोन पैसे जास्त देत नाही.

आता पहिली कसोटी, जी सोपी असून सर्वांत उपयोगाची आहे. नाण्यावर एखादी जादा रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल, हे पाहावे. ठशाला तडा गेला किंवा चरा पडला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. बाहेर आल्यावर नाण्यावर धातू वाढत नाही. सबब उंच रेघ बहुधा टांकसाळीची. खोल रेघ मात्र बहुतेक वेळा ओरखडाच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना धातू नांगरल्यासारखा वर आलेला दिसतो आणि तळ चमकतो. ठशाचा तुकडाच काठाजवळ उडाला असेल तर नाण्यावर त्या जागी सपाट फुगवटा येतो, अक्षरे बुजतात. त्याच्या नेमक्या मागच्या बाजूला चित्र फिकट असते, कारण तिथला धातू या पोकळीत ओढला गेलेला असतो. डाग देऊन चिकटवलेल्या गोळ्याच्या मागे असा फिकटपणा येत नाही आणि त्याच्याखाली अक्षर शाबूत असते.

खोल रेघेला एक अपवाद आहे आणि तो आमच्या धंद्यातला असल्याने सांगण्याचा मोह होतो. कधी कधी ठसा आणि चकती यांच्यामध्ये पुसण्याच्या चिंधीचा धागा अडकतो. ठोका पडतो, धागा निघून जातो आणि नाण्यावर त्याची खोल खूण राहते. भिंगाखाली त्या खुणेत धाग्याचा पीळसुद्धा दिसतो. चिंधीचा तुकडाच सापडला तर ताणा-बाणा मोजता येईल अशी वीण धातूवर उमटते. घरी वाईसमध्ये कापड दाबून पोलादी नाण्यावर असे काही उमटत नाही. कारण टांकसाळीत चकतीला मागून ठशाचा आधार असतो आणि धातू त्याच क्षणी वाहत असतो.

ठशात वंगण साचले तर उलट प्रकार होतो. धातूला आत शिरायला जागाच राहत नाही आणि अक्षर किंवा साल अर्धवट उमटते, कधी उमटतच नाही. अशा ‘बिनसालाच्या’ रुपयाला आता भाव विचारला जातो. लबाड माणूस काय करतो, तर सालाचा आकडा घासून काढतो आणि वर पॉलिश मारतो. दोन्हींत फरक असा की वंगणाच्या नाण्यावर ती जागा आजूबाजूच्या पातळीतच असते आणि तिच्यावर टांकसाळीची तीच चमक असते. घासलेल्या नाण्यावर ती जागा किंचित खोलगट असते आणि बारीक समांतर ओरखडे दिसतात. नाणे दिव्याखाली तिरपे फिरवावे. टांकसाळीची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, पॉलिशची चमक एका जागी मख्ख बसलेली असते.

काठ कापला गेलेले नाणे बाजारात पुष्कळ दिसते. पत्रा नीट पुढे सरकला नाही तर यंत्र आधीच्या छिद्रावर थोडे चढून कापते आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. पत्र्याच्या टोकाशी असे झाले तर खाच सरळ येते. कानशीने अशी खाच कोणालाही पाडता येते. पण कानशीवाल्याला न साधणारी एक गोष्ट आहे. चकतीचा काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबत फिरवली जाते. एका बाजूला खाच असेल तर तिथे दाब लागत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरच्या बाजूलाही काठ नीट उचलला जात नाही. सबब खऱ्या खाचेच्या समोरचा काठ पुष्कळदा दबलेला, फिका असतो. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय खऱ्या खाचेजवळची अक्षरे तिच्याकडे ओढल्यासारखी, ताणलेली दिसतात. कारण छाप पडली तेव्हा खाच होतीच आणि धातू रिकाम्या जागेकडे वाहिला. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर पूर्ण आणि ठसठशीत असते आणि मध्येच कात्रीने छाटल्यासारखे संपते.

चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही तर छाप एका बाजूला सरकते आणि उरलेल्या बाजूला कोरा धातू चंद्रकोरीसारखा दिसतो. कापडावर ठप्पा मारताना हात सरकला की नक्षी काठाबाहेर जाते, त्यातलाच हा प्रकार. कॉलरच नसेल तर नाणे पसरते, रुंद होते, काठावर दाते येत नाहीत, पण चित्र मात्र पूर्ण आणि रेखीव असते. हातोडीने ठोकून मोठे केलेले नाणेही रुंद होते. मात्र त्याची अक्षरे चपटी आणि पसरट होतात, कारण तिथे छापलेलाच धातू पुन्हा ठोकला गेलेला असतो. रुळावरचे नाणे तर लंबगोल होते आणि ते लहान मूलही ओळखते.

याच्या उलट, लहान झालेले नाणेही लोकांना फसवते. एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड वाळवण्याच्या ड्रममधून निघालेले एक रुपयाचे नाणे आम्ही पाहिले आहे. कामगाराच्या खिशातून पडलेले नाणे ड्रमच्या फटीत अडकून कित्येक दिवस आपटत राहिले असावे. त्याचा काठ आत वळून जाड झाला होता, व्यास कमी झाला होता आणि काठाजवळची अक्षरे चिरडली होती. हेच नाणे ‘लहान चकतीवरची छाप’ म्हणून कोणाच्या तरी गळ्यात बांधता आले असते. काट्यावर ठेवले तेव्हा वजन जवळपास पुरे भरले. धातू गेला नव्हता, फक्त आत वळला होता.

म्हणून भिंगाच्या जोडीला सोनाराचा छोटा काटा हवा, जो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. काही वजने पाठ करून ठेवावीत. १९९२ पासून काही वर्षे निघालेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पिवळे पाच रुपये ६ ग्रॅम, दहा रुपये ७.७१ ग्रॅम. जुने जाड, पांढरे पाच रुपये ९ ग्रॅम आणि वीस रुपये ८.५४ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेत एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची मापे पुन्हा बदलली आहेत, तेव्हा तुलना नेहमी त्याच सालच्या नाण्याशी करावी. तेजाबात टाकलेले नाणे बारीक होते, अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात आणि वजन घटते. असे नाणे ‘पातळ पत्र्यावरचे’ म्हणून विकले जाते. खरोखर पातळ चकतीवर पडलेल्या नाण्याची अक्षरे फिकी असली तरी त्यांच्या कडा कुरतडलेल्या नसतात आणि जमीन खडबडीत नसते.

काट्यासोबत एक लोहचुंबकही ठेवावे. पोलादी रुपया आणि दोन रुपये चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलचे जुने नाणे चिकटत नाही. सोनेरी रंगाचा रुपया घेऊन कोणी ‘पाच रुपयांच्या धातूवर पडलेला’ म्हणाला आणि तो चुंबकाला टपकन चिकटला, तर समजावे की मुलामा आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मे दुकान बंद होते.

दहा रुपयांच्या नाण्यात तर लबाडीला मोकळे रान आहे, कारण ते दोन तुकड्यांचे आहे. बाहेरची कडी आणि आतली चकती वेगळ्या कापलेल्या असतात आणि छापेच्या ठोक्यातच एकमेकांत घट्ट बसतात. आतली चकती ठोकून बाहेर काढून उलटी बसवली की ‘उलट्या गाभ्याचे’ नाणे तयार. ज्या नाण्यात चित्राचा किंवा अक्षराचा भाग सांध्यावरून जातो तिथे ही चोरी लगेच कळते, कारण रेषा जुळत नाहीत. नुसती रिकामी कडी घेऊन कोणी आला तर भोकाची आतली भिंत पाहावी. गाभा नंतर काढला असेल तर भिंतीवर त्याच्या पकडीची खूण असते आणि सांध्यावरची नक्षी सपकन तुटलेली असते. गाभ्याविनाच छाप पडली असेल तर कडीचा धातू भोकाच्या दिशेने आत वाहिलेला दिसतो. गाभा बाजूला सरकून कडीवर चढला आणि दोन्हींवर एकच सलग छाप पडली, असे नाणे मात्र खरे समजायला हरकत नाही. ते घरी करता येत नाही.

दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेले नाणे लोकांना फार आवडते. १९७५ च्या ‘शोले’ने ते प्रत्येकाच्या डोक्यात बसवले आहे. बाजारात मिळणारे असे नाणे बहुधा जादूवाल्यासाठी बनवलेले असते. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची पातळ चकती बसवलेली असते. काठाच्या आतल्या बाजूने नख फिरवले तर सांधा लागतो, टेबलावर टाकले तर आवाज बद्द येतो आणि वजनही जुळत नाही.

एक दोष मात्र बनवायला कठीण आहे आणि बऱ्याच वेळा फुकटात मिळतो. आपली आजची नाणी अशी असतात की पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटले तर दोन्ही बाजू सरळ दिसतात. खालचा ठसा सैल होऊन फिरला तर मागचे चित्र तिरपे किंवा पार उलटे येते. अखंड धातूच्या नाण्यात हे नंतर करता येत नाही. पण पाच-दहा अंशांचा कल अगदी सामान्य आहे, त्याला भाव नाही. पाव फेरी किंवा त्याहून जास्त फिरलेले असेल तरच ते बाजूला ठेवावे.

अक्षरे दुहेरी दिसणारी नाणीही अशीच. ठसा सैल असला की ठोका पडताच तो जरासा हलतो आणि अक्षराची कड खरवडली जाऊन पायरीसारखी चपटी होते. यात अक्षर बारीक होते. हे रोजचे आहे, त्याला किंमत नाही. ठसा तयार करतानाच त्यावर चित्र दोनदा उमटले असेल तर दोन्ही अक्षरे गोल, भरीव आणि एकमेकांपासून फुटलेली दिसतात आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष सापडतो. शेकड्यात एखादा विक्रेता हा फरक सांगतो. बाकीचे दोन्ही एकाच भावाने विकतात.

आता काही गोष्टी ज्या दोष नाहीतच. सालाखालचा हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. पूर्वी सरकारने काही नाणी परदेशांतूनही पाडून आणली होती, कोरियातल्या देगूपासून मॉस्को, प्रिटोरिया, मेक्सिको सिटीपर्यंत. त्यांच्या खुणा अनोळखी दिसतात, पण तो दोष नव्हे. दहा रुपयांच्या नाण्यांवर रुपयाचे चिन्ह आहे की नाही, रेघा दहा आहेत की पंधरा, यावरून दुकानदार भांडत असत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की तोपर्यंत निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. तेव्हा आपल्या दुकानात कोणी दहाचे नाणे दिले तर नाक मुरडू नये.

जुन्या हातठोकी नाण्यांना तर हा नियमच लागू होत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून निजामाच्या जुन्या रुपयावर ‘जर्ब’ आणि ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ ही अक्षरे शोधण्याची हौस आहे. पण बहुतेक नाण्यांवर ती अर्धीच सापडतात. ठसा मोठा, चकती लहान आणि ठोका हाताचा, म्हणजे छाप सरकलेलीच असायची. तिला एरर म्हणून चढा भाव मागणारा एकतर अडाणी, नाहीतर हुशार. जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफांनी पारखताना मारलेल्या लहान खुणाही दिसतात. त्या नंतरच्या आहेत, पण त्यांना स्वतःचा इतिहास आहे. हा सराफ शब्द मूळ अरबी. ‘आईने अकबरी’त शाही टांकसाळीच्या कारभाऱ्यांमध्ये दारोग्याबरोबर सैरफीचे कामही दिले आहे. नाणे पारखणे हा कधीकाळी इज्जतीचा स्वतंत्र पेशा होता, ते आता मोबाइलवर चित्रफीत पाहून होऊ लागले आहे. असो.

कायद्याचे थोडे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विद्रूप केलेले किंवा वजन घटलेले नाणे कायदेशीर चलन राहत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे वाईसमध्ये चिरडलेले पाच रुपये साडेसहा हजारांना घेणाऱ्याच्या हातात पाच रुपयेसुद्धा राहत नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत, पन्नास पैसे मात्र अजून चालतात.

दुसरा सापळा याहून वाईट आहे. फोन येतो की तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीची फी भरा, मग कर भरा, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून हे चालत होते म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडून असे शुल्क घेत नाही. नाणे खरेच मोलाचे असेल तर घेणारा पैसे देतो, मागत नाही.

आता त्या जॉबरच्या नाण्याकडे येऊ. असे नाणे टांकसाळीत खरेच पडते, त्याला ब्रोकेज म्हणतात. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर येऊन पडते. त्या चकतीच्या एका बाजूला ठशाचे सरळ चित्र उमटते, तर दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचे तेच चित्र उलटे आणि खोल. महत्त्वाचे हे की त्या दुसऱ्या बाजूला ठसा पोचलेलाच नसतो, मध्ये नाणे आडवे असते. म्हणून तिथे पाचाच्या आकड्याचा मागमूसही असता कामा नये.

पिक ग्लासखाली आम्ही पाहिले तेव्हा उलट्या सिंहांच्या खाली पाचाचा आकडा होता. चपटा, दबलेला, पण स्पष्ट. रुपयाच्या चिन्हाची आडवी रेघ सिंहाच्या आयाळीतून आरपार जात होती. नाणे आधी पूर्ण छापले गेले होते, मग दुसरे नाणे त्याच्यावर ठेवून दोन्ही वाईसमध्ये आवळली होती. मागच्या बाजूचे सरळ सिंहही नाकाकडून सपाट झाले होते, कारण वाईसच्या जबड्याने तिकडूनही दाबले होते. वजन सहा ग्रॅम, अगदी बरोबर. वजन बरोबर आहे हीच विकणाऱ्याची मोठी दलील होती. पण दाबल्याने वजन कुठे जाते? आम्ही भिंग त्या मुलाच्या हातात दिले. तो यंत्राचा माणूस, त्याला समजायला दोन मिनिटेही लागली नाहीत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “घेणाऱ्याला काय कळणार आहे, चाचा?”

हा प्रश्न आमच्या पेढीवर पहिल्यांदा आलेला नाही. डागी थान घडीच्या आत लपवून विकणाऱ्यांना आम्ही ओळखतो. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला विचारले की ओले धान्य वर का ठेवले नाहीस. हा प्रसंग त्या मुलालाही ठाऊक होता. आम्ही फक्त आठवण करून दिली. खोट माहीत असताना ती न सांगता विकले तर फिक्हमध्ये घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियारे-ऐब म्हणतात. हाच हक्क त्यालाही त्याच्या विक्रेत्याविरुद्ध होता, हे मात्र त्याच्या लक्षात आले नव्हते. राहिला चालू चलनातले नाणे दर्शनी किमतीहून जास्त पैशांना विकण्याचा प्रश्न. एकाच चलनाच्या देवाणघेवाणीत कमी-जास्तीचा मसला येतो, म्हणून या नादाला लागणाऱ्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना आधी विचारून घ्यावे.

ईदनंतर आम्ही दोघे त्या विक्रेत्याकडे गेलो. बरोबर पिक ग्लास, काटा आणि टांकसाळीतून आल्यासारखे कोरे करकरीत पाच रुपये तुलनेसाठी नेले. आरडाओरडा केला नाही. भिंग त्याच्यापुढे ठेवले आणि आकड्यावरून बोट फिरवून दाखवले. त्याने आपण स्वतः फसलो असे सांगितले. ते खरे असेलही. तासाभराने त्याने पाच हजार परत केले आणि बाकीचे दीड हजार दोन हप्त्यांत देण्याचे कबूल केले. पहिला हप्ता आला आहे. नाणे त्याला परत देण्यापूर्वी त्या मुलाने काठाजवळ कानशीची एक खोल रेघ मारू का, म्हणून विचारले, म्हणजे ते पुन्हा कोणाला विकता येणार नाही. आम्ही कायद्याचे कलम आठवून त्याला थांबवले आणि विक्रेत्याकडून पावतीच्या मागे ‘नंतर दाबलेले नाणे’ असे लिहून त्याची सही घेतली.

नऊ हजार देणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या मुलाने स्वतः फोन केला होता. ते गिऱ्हाईक आता दर जुम्म्याला नमाजनंतर आपली नाणी घेऊन आमच्या पेढीवर येते आणि पिक ग्लास मागते.